ऐकलेला रामगढ

आमच्या हेब्बाळच्या घरात 'शोले' हा चित्रपट मला आधी ऐकू आला. दिसला फार नंतर. थोरले काका आणि आत्या तो सांगायचे, आणि दोघांच्याही सांगण्यात चेहऱ्यांपेक्षा आवाज जास्त. नाण्याची खणखण, घोड्यांच्या टापा, कातळावर घासत जाणारा डाकू गब्बरचा पट्टा. काका हे सगळं तोंडानं काढून दाखवत.

हेब्बाळ बंगळूरच्या उत्तरेला, बल्लारी रस्त्यावर. रामनगर दुसऱ्या टोकाला, म्हैसूरच्या वाटेवर, शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. ऑक्टोबर १९७३ मध्ये तिथे चित्रीकरण सुरू झालं. पुढे एका सुटीच्या दिवशी काका मित्रांबरोबर बसनं तिकडे गेले. नटमंडळी दिसली ती दुरूनच. त्यांच्या मनात राहिलं ते चित्रपटातलं गाव, रामगढ. रामदेवर बेट्टाच्या कातळांखाली देऊळ, मशीद, पाण्याची टाकी, सगळं नव्यानं उभारलेलं, आणि काम करणाऱ्यांत कुणीतरी खणखणीत मराठीत हाका मारत होतं. उंबऱ्याबाहेर कन्नड आणि आत मराठी अशा घरात वाढलेल्या काकांना त्या माळावर ऐकलेल्या मराठीचं अप्रूप आयुष्यभर पुरलं. ते गाव कलादिग्दर्शक राम येडेकरांनी वसवलं होतं, हे ते अभिमानानं सांगत.

आत्याची गोष्ट चित्रपटगृहातली. पडद्यावर नाणं पडलं आणि माणसं खुर्च्यांखाली वाकून पाहू लागली, तीही वाकली. त्यात अतिशयोक्ती नव्हती. ३५ मिलिमीटरवर टिपलेला हा चित्रपट ७० मिलिमीटरवर मोठा केला होता. त्या प्रतींवर आवाज चुंबकीय पट्ट्यांवर असे आणि तो वेगवेगळ्या बाजूंच्या कर्ण्यांतून येई. टांगा डावीकडून उजवीकडे धावला की आवाजही धावे. एकाच कर्ण्याची सवय असलेल्या कानांना हे नवं होतं.

मग वर्षं गेली. ७० मिलिमीटरच्या प्रती उरल्या नाहीत. मूळ निगेटिव्ह इतकी खराब झाली की वापरता येईना. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आक्रसते, वाकते. आमच्या पिढीनं 'शोले' पाहिला तो कापलेल्या, घासलेल्या प्रतींवर नाहीतर दूरदर्शनवर. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात मात्र तो शाबूत होता.

फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिप्पी फिल्म्सच्या साथीनं तो पुन्हा उभा केला. चित्रासाठी लंडनमध्ये आणि मुंबईत सापडलेली रिळं कामी आली, तर आवाजासाठी मूळ ध्वनी-निगेटिव्ह आणि चुंबकीय ध्वनिपट्टी. २७ जून २०२५ रोजी इटलीत, बोलोन्याच्या भर चौकात तो दाखवला गेला. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवटही त्यात परत आला. डिसेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला, तेव्हा मी डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवून बसलो.

काका-आत्यांनी सांगितलेलं सगळं तिथे होतं. टांग्याच्या पाठलागात बनारसच्या पंडित सामता प्रसादांचा तबला टापांशी झुंजतो. संध्याकाळी ठाकूरची सून राधा एकेक दिवा मालवते, तेव्हा अंगणापलीकडून येणारा माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं, त्यानंतर झोपाळ्याची करकर उरते. त्या ओसाडपणाला वाद्यांची गरजच लागत नाही. संगीतकार राहुल देव बर्मन यांनी कुठे वाजवायचं आणि कुठे थांबायचं हे किती बारकाईनं ठरवलं होतं, ते आवाज स्वच्छ झाल्यावरच पुरतं उमगतं.

काकांनी माळावर ऐकलेली मराठी या आवाजामागेही होती. बर्मन यांच्या तालाची बाजू सांभाळणारे सहायक मारुतीराव कीर. परळच्या राजकमल कलामंदिरात संवाद, संगीत आणि ध्वनी यांचा मेळ घालणारे मंगेश देसाई. सुमारे ३ लाख फूट फिल्ममधून २० हजार फुटांच्या आतला चित्रपट कोरून काढणारे संकलक मा. स. शिंदे, 'शोले'ला त्या वेळी मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांचाच. शांतता किती लांब ठेवायची हे संकलकही ठरवतो, म्हणून झोपाळ्याच्या त्या करकरीवर शिंद्यांचाही हक्क आहे.

जुना ध्वनी स्वच्छ करताना खरखर काढावी लागते, पण ती काढताना मूळ सूर खरवडला जाता कामा नये. त्याची खूण सांगतील ते तेव्हा खुर्चीत बसलेले कान, आणि असे कान आता दरवर्षी कमी होत आहेत. रिळं जपायला संस्था पुढे आल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय ऐकलं ते विचारून, नोंदवून ठेवणं आपलं काम आहे. त्या नोंदींत येडेकर, शिंदे, देसाई, कीर ही नावंही यायला हवीत, कारण गब्बर मुलांना आपोआप कळतो. ही माणसं कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाहीत.