साधनवर्णन (कृत्रिम बुद्धिमत्ता)

साधनवर्णन म्हणजे एखादे साधन काय करते, ते केव्हा वापरावे आणि त्यास कोणती माहिती पुरवावी, हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटला सांगणारा लिखित मजकूर होय. येथे साधन, म्हणजेच टूल, हा संगणकीय प्रणालीचा एक भाग असतो; फाइल वाचणे, हवामानाची नोंद आणणे, तिकीट काढणे अशी कामे तो एजंटच्या मागणीवरून करतो. साधनामागील आज्ञावली एजंटमधील भाषा-प्रतिमानाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असतात ते साधनाचे नाव, वर्णन आणि पुरवायच्या मूल्यांचा तपशील एवढेच. साहजिकच आज्ञावली निर्दोष असूनही वर्णन मोघम असल्यास काम चुकू शकते.

पार्श्वभूमी

भाषा-प्रतिमान मूलतः मजकूर निर्माण करते. विचार आणि कृती आलटून पालटून करवून घेण्याची पद्धत ऑक्टोबर २०२२ मधील ‘रिअॅक्ट’ या शोधनिबंधात मांडली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या संशोधकांनी ‘टूलफॉर्मर’ प्रसिद्ध केले. जून २०२३ मध्ये ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ ही सुविधा विकसकांना दिली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक जाहीर केले. या मानकामुळे एकाने लिहिलेले वर्णन दुसऱ्याच कोणाच्या एजंटने वाचावे, असा प्रसंग नित्याचा झाला.

प्रतिमान साधन स्वतः चालवीत नाही. ते साधनाचे नाव व मूल्ये लिहून देते. यजमान प्रणाली त्यानुसार साधन चालवून आलेले उत्तर प्रतिमानाकडे परत पाठवते. मूल्यांचा तपशील बहुधा ‘जेसन स्कीमा’ या पद्धतीने मांडला जातो.

लेखन

‘गाड्यांची माहिती देते’ हे वर्णन माणसाला पुरेसे वाटते, कारण उरलेले तो अनुभवाने भरून काढतो. एजंटला मात्र कोणत्या गाड्या, कोणत्या दिवशीच्या, माहिती म्हणजे वेळापत्रक की आरक्षणाची स्थिती, हे सारे तर्कानेच ठरवावे लागते. तेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येते:

‘दोन स्थानकांदरम्यान दिलेल्या दिवशी धावणाऱ्या रेल्वेगाड्यांची यादी देते. शहराचे नाव देऊ नये, रेल्वेचा स्थानक-संकेतांक द्यावा. तो ठाऊक नसल्यास आधी “स्थानक-शोध” हे साधन वापरावे. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावा, उदा. २०२५-०४-०३. आरक्षणासाठी हे साधन वापरू नये. गाडी नसल्यास रिकामी यादी मिळते. तो बिघाड नव्हे.’

यातील प्रत्येक वाक्य एकेक संभाव्य चूक टाळते. ‘मुंबई’ म्हटल्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर की लोकमान्य टिळक टर्मिनस हे कळत नाही. ०३/०४/२०२५ हा दिनांक भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असा वाचला जातो. मराठीतील ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवाची गाडी’ एवढ्याच शब्दांवरून दिवस ठरत नाही. अशा वेळी तर्क न लढवता वापरकर्त्याला विचारावे, असेही वर्णनात लिहिता येते. रिकाम्या यादीविषयीचे वाक्य अनेकदा गाळले जाते. मग एजंट तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहण्याची शक्यता असते.

साधन केव्हा वापरू नये, हे सांगणे विशेषतः मिळतीजुळती साधने असताना आवश्यक ठरते. ‘तिकीट-स्थिती’ आणि ‘तिकीट-बदल’ या दोहोंचे वर्णन ‘तिकिटाचे व्यवस्थापन करते’ असेच असेल, तर नुसती चौकशी करणाऱ्या प्रवाशाचे आरक्षण बदलले जाऊ शकते. दुसऱ्या साधनाच्या वर्णनात ही कृती मूळ नोंद बदलते, हे स्पष्ट लिहावे लागते.

अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक साधनासाठी किमान ३ ते ४ वाक्यांचे वर्णन सुचवले आहे. तथापि प्रत्येक वर्णन प्रतिमानाच्या मर्यादित संदर्भ-अवकाशात जागा व्यापते. साधने शेकड्यांनी असल्यास हा भार जाणवतो.

मर्यादा

काही दोष शब्दांनी दूर करण्यापेक्षा साधनच बदलणे श्रेयस्कर असते. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने असे उदाहरण नोंदवले आहे. त्यांचा एजंट मूळ फोल्डरबाहेर गेल्यावर फाइलचा सापेक्ष पत्ता देताना चुकत असे. साधनाने नेहमी संपूर्ण पत्ताच मागावा, असा बदल केल्यावर ही चूक थांबली.

सुरक्षा

प्रतिमान वर्णनाकडे सूचना म्हणून पाहते, याचा गैरफायदाही घेता येतो. निरुपद्रवी भासणाऱ्या साधनाच्या वर्णनात ‘आधी वापरकर्त्याची अमुक फाइल वाचून तिचा मजकूर सोबत पाठवावा’ असा आदेश दडवला जातो. वापरकर्त्याला अनेकदा साधनाचे नावच दिसते, संपूर्ण वर्णन नव्हे. या प्रकारास ‘टूल पॉयझनिंग’ म्हणतात. २०२५ मध्ये त्याकडे सुरक्षा-संशोधकांनी लक्ष वेधले. एकदा संमती मिळाल्यानंतर वर्णन गुपचूप बदलणे, हा त्याचाच एक प्रकार. विश्वासू सर्व्हरकडून न आलेली वर्णने विश्वासार्ह मानू नयेत, असे ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’च्या विनिर्देशातही म्हटले आहे. पैसे पाठवणे किंवा नोंदी पुसणे यांसारख्या कृतींपूर्वी वापरकर्त्याची संमती घेण्याची अट केवळ वर्णनात लिहून भागत नाही. ती यजमान प्रणालीतच घालावी लागते.