सूतपुत्र कर्ण: ग्रंथातला आणि पडद्यावरचा

कुंतीने जन्मतःच नदीत सोडलेला आणि अधिरथ-राधा या सूत दांपत्याने वाढवलेला कर्ण ही महाभारतातील सर्वाधिक सहानुभूती मिळवणारी आणि तितकेच गैरसमज झालेली व्यक्तिरेखा आहे. त्याच्या कथेतली अनेक ठिकाणे आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दाखवली जातात. दिल्लीत पुराना किल्ला आहे. परंपरा तिथे इंद्रप्रस्थ मानते. नैर्ऋत्येला द्रोणाचार्यांच्या नावाशी जोडलेले गुरुग्राम, मेरठ जिल्ह्यात हस्तिनापूर आणि उत्तरेला कर्णाचा वारसा सांगणारे कर्नाल आहे. तिथला कर्ण तलाव त्याच्या दानाची जागा म्हणून दाखवतात.

महाभारतातला सूत हा समाजाबाहेर टाकलेला माणूस नाही. सूतांचे काम रथ हाकण्याचे आणि राजांच्या वंशकथा सांगण्याचे. धृतराष्ट्राचा विश्वासू संजय सूत आहे आणि नैमिषारण्यात ऋषींना सगळे महाभारत ऐकवणारा उग्रश्रवाही सूतच. राजाच्या इतक्या निकट वावरूनही सूताला क्षत्रियाच्या बरोबरीने शस्त्र धरण्याचा मान मात्र नव्हता. हस्तिनापुरातील शस्त्रपरीक्षेत कर्णाने अर्जुनाला आव्हान दिले, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले. दुर्योधनाने त्याला तिथेच अंगदेशाचा राजा केले. तरीही अधिरथ येऊन त्याला मुलगा म्हणताच भीमाने ‘हातात चाबूक घे’ अशा अर्थाचा टोमणा मारला. कर्णाचा अपमान खरा आहे, आणि तो भर सभेत झालेला आहे.

पुढच्या काळात या अपमानात बरीच भर पडली. द्रोणांनी कर्णाला सूतपुत्र म्हणून शिष्य करून घेतलेच नाही, असा समज रूढ आहे. आदिपर्वात मात्र द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत कर्णाचे नाव आहे. शांतिपर्वानुसार त्यांनी त्याला नाकारले ते ब्रह्मास्त्र, आणि त्यानंतर तो परशुरामाकडे गेला. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ असे सांगून त्याला मागे फिरवल्याचा प्रसंग काही हस्तलिखितांतच आढळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या मूळ संहितेत हा नकार नाही. कर्ण-शल्यांसारख्यांनाही ते धनुष्य पेलले नाही, एवढाच उल्लेख आहे.

सहानुभूतीच्या भरात झाकला गेलेला भागही मोठा आहे. द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्द वापरून तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच. चक्रव्यूहात अभिमन्यूचे धनुष्य तोडणाराही तोच. उद्योगपर्वात कृष्णाजवळ तो पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांचा पश्चात्ताप व्यक्त करतो. त्याच संवादात, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य समोर आले असतानाही तो ते नाकारतो. राधेने आपल्याला दूध पाजले, अधिरथाने आपले संस्कार केले, सूतकुळात आपले संसार झाले, असे तो सांगतो. ज्या घराच्या नावाने जग त्याला हिणवत होते, ते घर त्याने समजून-उमजून आपले मानले. त्याचे मोठेपण या निवडीत आहे.

मराठीत कर्णाचा नव्याने विचार झाला तो विसाव्या शतकात. वि. वा. शिरवाडकरांनी ‘कौंतेय’ हे नाटक लिहिले. १९६७ मध्ये, म्हणजे चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाल्याच्या पुढच्याच वर्षी, दोन परस्परविरोधी पुस्तके आली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, शोण, वृषाली, दुर्योधन, कुंती आणि कृष्ण कथा सांगतात आणि त्यांतून अन्याय सोसणारा तेजस्वी नायक उभा राहतो. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने मात्र भांडारकरी संहितेच्या आधारे त्याच्या कटुतेची आणि उणिवांची परखड चिकित्सा केली. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘मृत्युंजय’चा हिंदी अनुवाद दिल्लीच्या भारतीय ज्ञानपीठाने प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच संस्थेचा मूर्तिदेवी पुरस्कारही या कादंबरीला मिळाला. रणजित देसाईंची ‘राधेय’ ही कादंबरीही वाचकप्रिय झाली. घरोघरी पोहोचला तो कादंबऱ्यांतला कर्ण.

पडद्यानेही हीच वाट धरली. भालजी पेंढारकरांच्या ‘महारथी कर्ण’ या १९४४ च्या हिंदी चित्रपटात पृथ्वीराज कपूर कर्ण झाले. १९६४ च्या तमिळ ‘कर्णन’मध्ये शिवाजी गणेशन यांनी दानशूर कर्ण रंगवला. श्याम बेनेगलांच्या १९८१ च्या ‘कलयुग’ने ही कथा उद्योगपती घराण्यांच्या वैरात नेली, तर मणिरत्नम यांच्या १९९१ च्या ‘दळपती’ने टाकून दिलेल्या मुलाला वस्तीतल्या गरिबांचा पाठीराखा केले. सर्वांत खोल ठसा उमटवला तो बी. आर. चोप्रांच्या मालिकेने. २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० पर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनने ती देशभर दाखवली. राही मासूम रझांचे लेखन आणि पंकज धीर यांचा संयत अभिनय यांतून कर्णाचे दुःख प्रत्येक घरात पोहोचले. स्वयंवरातला नकारही या मालिकेने दाखवला आणि हस्तलिखितांतला पाठभेद लोकांच्या मनात निःसंशय घटना होऊन बसला.

या रूपांतरांना चूक म्हणून बाजूला सारता येत नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाने स्वतःला विचारलेला प्रश्न त्यांत आहे, आणि कर्णाइतका तो विचारण्यास योग्य नायक दुसरा नाही. पण त्याला निव्वळ बळी ठरवले की सभेतल्या द्रौपदीवरचा अन्याय विसरला जातो आणि राधेचे घर निवडणाऱ्या कर्णाचे कर्तेपणही हरवते. व्यासांच्या महाभारतातला कर्ण अपमान सोसतो, अपमान करतो, त्याची खंत बाळगतो आणि परिणाम ठाऊक असूनही आपल्या माणसांशी निष्ठा राखतो. त्याला न्याय द्यायचा, तर या चारही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.