बिदागी, तिकीट आणि हक्क



कामगार चळवळीतल्या माणसाने संगीतावर बोलावे ह्याचे काही जणांना नवल वाटेल. मला रागदारी समजत नाही. माझे शाळेचे शिक्षण थोडे, आणि पुढचे सगळे युनियनच्या कचेरीत जमेल तसे वाचून झालेले. परंतु ज्याला कायमचा मालक नाही, उद्याच्या कामाची खात्री नाही आणि म्हातारपणाची तरतूद नाही, अशा माणसाचा हिशेब मांडण्यात माझे आयुष्य गेले. गाणारा-वाजवणारा हा असाच माणूस आहे. तेव्हा आज त्याच्या कलेविषयी न बोलता त्याच्या भाकरीच्या इतिहासाविषयी बोलतो.

ह्या इतिहासाचा पहिला पुरावा आपल्या मावळातच आहे. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. तेथील एका विहाराच्या ओसरीत नाचणारी स्त्री आणि तिच्या साथीला तालवाद्य वाजवणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे खोदलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा एक गांधी आहे. सुताराचे नाव दगडावर राहिले. भाज्याच्या वादक स्त्रीचे रूप राहिले, नाव राहिले नाही. बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर ज्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहत, तो दान देई व नाव कोरवून घेई. वाजवणारीच्या हाती काय शिल्लक राहत असेल ह्याचा अंदाज आपण बांधू शकतो.

पुढे गावगाड्यात वादकाला जागा मिळाली ती बलुत्याची. देवळात वाजवणे गुरवाकडे, आणि सणासमारंभाला, मिरवणुकीला हलगी-सनई वाजवणे मांग समाजाकडे. मोबदला खळ्यावरच्या धान्यात. वरवर पाहता ही मोठी सुरक्षित व्यवस्था होती, कारण पीक आले की वाटा ठरलेला. परंतु ह्या सुरक्षिततेची किंमत काय होती? वाजवणे हे जातीचे कर्तव्य होते आणि ‘आज वाजवणार नाही’ असे म्हणण्याची मुभा नव्हती. ज्या कलावंताला नकार देता येत नाही त्याला आपण स्वतंत्र कसे म्हणणार? म्हणूनच विसाव्या शतकात जागे झालेल्या दलित समाजाने अशी गावकीची कामे नाकारली आणि आपले वाद्य स्वतःच्या जलशांत वाजवले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. बंधन सुटले, त्याबरोबर खळ्यावरचे धान्यही सुटले.

दरबाराची बिदागी हा दुसरा मार्ग. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला असे परंपरा सांगते. पेशवाईच्या उतरत्या काळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ ह्या शाहिरांना पुण्याच्या दरबाराचा आधार होता. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो आधार गेला. बिदागीचा हा दोष लक्षात घेण्यासारखा आहे. ती उदार असते, परंतु एका माणसाच्या मर्जीवर आणि एका गादीच्या आयुष्यावर टांगलेली असते.

तिसरा मार्ग इंद्रायणीकाठचा. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि देहू-आळंदीला जाते. कीर्तनाचे मोल घेऊ नये असे तुकोबांनी बजावले आणि वारकरी संप्रदायाने ते मानले. आजही कलावंताला पैसे द्यायची वेळ आली की काही मंडळींना ही शिकवण आठवते. परंतु तुकोबांचे घराणे वाण्याचे होते. त्यांच्या टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे, ज्यांची समाधी आपल्या सुदुंबऱ्यात आहे, ते तेलाचा धंदा करीत. घाणा चालत होता म्हणून अभंग विकावा लागत नव्हता. दुसरा धंदा हाताशी ठेवून कला निर्मळ ठेवणे हा मार्ग थोर खरा. मात्र पखवाजावर हात बसवण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याने घाणा केव्हा चालवावा? आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि कीर्तन, गायन, मृदंग ह्यांचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. तेथून शिकून आलेले कीर्तनकार, गायक आणि मृदंगाचार्य आता गावोगावचे सप्ताह उभे करतात. ते पूर्ण वेळ हेच काम करतात, आणि त्यांचा प्रपंच चालला पाहिजे हे गावालाही मान्य करावे लागते.

आता बोरघाटाकडे वळू. खंडाळा ते पुणे ही आगगाडी १८५८ साली सुरू झाली, आणि हजारो मजुरांनी बोगदे खोदल्यावर १८६३ साली घाटाचा मार्ग पुरा झाला. ह्या रुळांनी मराठी कलावंताच्या भाकरीची तऱ्हाच बदलली. मंडळी सामानसुमानासह एका रात्रीत पुण्याहून मुंबईला पोहोचू लागली. घाटावरचे तरुण गिरणीत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ तमाशाचे फड गेले. आता एका धन्याऐवजी हजार अनोळखी माणसे प्रत्येकी काही आणे देऊ लागली. ह्याचे नाव तिकीट. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटक मंडळ्यांनी पन्नासएक वर्षे गायक, वादक, नट ह्यांना महिन्याचा पगार दिला.

तिकिटाचा अर्थ सर्वांत नेमका ओळखला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनी. मिरजेस बाळकृष्णबुवांकडे ते शिकत होते. संस्थानात आपल्याला बोलावणे येते आणि गुरूला मात्र येत नाही, ह्या अपमानाने त्यांनी १८९६ साली मिरज सोडली असे सांगतात. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ साली मुंबईस शाखा उघडली. शिष्यांशी कित्येक वर्षांचा लेखी करार, स्वतःचा छापखाना, स्वतःची पुस्तके, वाद्यांचा कारखाना, एवढा सगळा पसारा एका गवयाने उभारला. परंतु मुंबईची इमारत कर्जाने बांधली होती, आणि १९२०च्या दशकात ती कर्जापायी गेली. येथे एक गोष्ट पाहा. इमारत गेली तरी शिष्य राहिले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. पलुसकरांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळे गावोगाव संगीतशिक्षक हा एक पेशा निर्माण झाला. त्यामुळे ज्याच्या मैफलीला गर्दी होत नाही अशा साध्या गवयालाही इभ्रतीने जगता येऊ लागले.

त्यांच्याच काळातले भास्करबुवा बखले ह्यांनी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवले, मैफली केल्या, गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. एक झरा आटला तर दुसरा वाहता राहावा, अशी ही व्यवस्था. उलट बालगंधर्वांच्या मंडळीकडे लोकप्रियता अपरंपार होती, पण मखमली पडद्यांचा आणि अत्तराचा खर्चही तसाच होता. डोक्यावर कर्ज चढत गेले, १९३१-३२ साली बोलपट आला, आणि नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. मिळकत मोठी असली म्हणजे उपजीविका टिकाऊ होते असे नव्हे, हा धडा आमच्या कारखान्यातल्या ओव्हरटाइमवाल्यांनाही मी नेहमी सांगत असतो.

तमाशाचा हिशेब ह्याहून कठोर. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. हंगामाआधी फडमालक कर्ज काढतो आणि त्यातून कलावंतांना उचल देतो. कलावंत ती पावसाळ्यात खातो आणि हंगामभर नाचून-वाजवून फेडतो. पाऊस आला, निवडणूक आली, जत्रा रद्द झाली, की उचल तशीच अंगावर राहते. ऊसतोडणी मजुराची आणि ढोलकीवाल्याची ही गाठ एकाच दोरीची आहे. ज्यांच्या लावण्या गावोगावचे फड गात होते ते पठ्ठे बापूराव १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली गेल्या, तेव्हा त्यांचेही अखेरचे दिवस ओढग्रस्तीचे होते. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. चांगली गोष्ट आहे. परंतु जीवन चालू असताना गौरवापेक्षा भविष्यनिर्वाह निधीची गरज अधिक होती, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

यंत्राने ह्यात नवा पेच घातला. १९०२ साली हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला. एकदा गायलेले गाणे हजारदा वाजू लागले, आणि गाणाऱ्याला पैसे मिळाले ते एकदाच. मुंबईच्या चित्रपटांत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ह्यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी कामे केली. ते पाळीवर आणि मोबदल्यावर काम करीत, आणि त्यांच्यासारख्या बहुतेकांची नावे पडद्यावर झळकली नाहीत. १९६०च्या दशकात लता मंगेशकरांनी पार्श्वगायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे अशी मागणी केली. महंमद रफींचे मत निराळे होते : मेहनताना मिळाला, व्यवहार संपला. दोघेही प्रामाणिक होते. पण हा वाद मजुरी आणि हक्क ह्यांमधला होता, आणि तो निकालात निघायला २०१२ साल उजाडले. त्या वर्षीच्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येणार नाही असे ठरले, आणि गायक-वादकांच्या हक्कालाही बळ मिळाले.

अमेरिकेतल्या वादकांच्या संघाने हा पेच फार आधी ओळखला होता. १ ऑगस्ट १९४२ पासून पेट्रिलो ह्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली त्यांनी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम एका निधीत जमा होऊ लागली, आणि त्यातून बेकार वादकांना फुकट जाहीर जलशांसाठी पैसे मिळू लागले. यंत्राने काम हिरावले तर यंत्राच्या नफ्यातून काम निर्माण करायचे, असा हा साधा विचार.

आपल्याकडे असे का झाले नाही? कारण कलावंत एकमेकांकडे स्पर्धक म्हणून पाहतो. लग्नसराईत एक बँडवाला अमुक भाव सांगतो, दुसरा शंभराने उतरतो, तिसरा आणखी उतरतो. शिवाय त्याचा मालक रोज बदलतो, मग मागणी करायची कोणाकडे? हा प्रश्न नवा नाही. पुण्या-मुंबईच्या हमालांपुढे तोच होता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर, आणि दुखापत झाली तर कोणीच नाही. बाबा आढावांनी पुण्यात आणि अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत ह्या माणसांना एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ असते. व्यापारी नोंदणी करतो, मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी वाटते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी पाहते. मालक बदलले तरी कामगाराचे खाते एकच राहते.

माझे म्हणणे एवढेच की, वादक-गायकासाठी हीच घडी बसवता येईल. कलावंत म्हणजे हमाल नव्हे, प्रत्येकाचा दर निराळा, असा आक्षेप येईल. दर निराळाच राहू द्या. लेव्ही दरावर बसते, ती दर ठरवीत नाही. लग्न काय रोज एकाच घरी होत नाही, मग वसुली कोणाकडून, असेही विचारले जाईल. मंगल कार्यालय तर एकाच जागी असते! २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून लोणावळा-मावळात हॉटेले, विश्रामगृहे, लग्नाची लॉने किती वाढली हे आपण पाहतोच. एकवीरेच्या चैत्री यात्रेला वाद्ये वाजतात, गावोगावच्या जत्रा कमिट्या सुपाऱ्या देतात. नोंद त्यांची करावी. उचलीसाठी कलावंतांची स्वतःची पतपेढी असावी, आणि सुपारी तोंडी न ठरता कागदावर ठरावी. ध्वनिमुद्रण होणार असेल तर त्याची अट त्याच कागदावर असावी. वृद्ध कलावंतांना सरकार १९५४-५५ पासून मानधन देत आले आहे. तेही घ्यावे. पण अर्जाने मिळणारे मानधन आणि खात्यात साठलेला स्वतःचा पैसा ह्यांत अंतर आहे, ते विसरू नये.

इतिहासात कलावंत टिकले ते चार आधारांवर : हाताशी असलेला दुसरा धंदा, एकाहून अधिक मिळकती, शिकवण्याचा पेशा, आणि स्वतः उभारलेली संस्था. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींसारख्या कलावंतानेच वाढवला, हे चौथ्याचे उदाहरण. पाचवा आधार, म्हणजे एकजूट, आपल्याकडे अजून नीट अजमावलेला नाही.

आपल्या ह्या व्याख्यानमालेत वक्त्याला शाल आणि श्रीफळ देण्याची रीत आहे. मी ते आनंदाने घेईन, कारण माझी चूल दुसरीकडे पेटते. उद्या ह्याच व्यासपीठावर एखादा सनईवाला किंवा ढोलकीवाला येईल, तेव्हा शालीबरोबर त्याच्या हाती ठरलेली रक्कम आणि तिची पावती द्यावी, एवढी विनंती चालकांना करतो आणि आपली रजा घेतो.