मुंबईच्या शालेय क्रिकेटची ढाल

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यापूर्वी त्यांनी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व केले होते. त्यांच्या कारभाराविषयी इतिहासकारांचे मत फारसे अनुकूल नाही. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा ते पुण्यात होते. दंगल सुरू होऊन आठवडा उलटल्यावर ते शहरात आले आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या एका सामन्यासाठी, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. मुंबईकरांच्या तोंडी मात्र हॅरिस हे नाव राहिले ते शाळकरी मुलांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ‘हॅरिस शिल्ड’ ही आंतरशालेय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. वृत्तपत्रे तिला हॅरिस ढाल म्हणतात. तिची धाकटी बहीण म्हणजे ‘गाइल्स शिल्ड’. गाइल्स चौदा वर्षांखालील मुलांसाठी, तर हॅरिस सोळा वर्षांखालील मुलांसाठी, अशी ही विभागणी आहे. या स्पर्धांचा कारभार पाहणारी मुंबई शालेय क्रीडा संघटना १८९३ साली, म्हणजे त्याच दंगलीच्या वर्षी स्थापन झाली. फुटबॉल, हॉकी आदी खेळही ती चालवते. परंतु तिचा लौकिक क्रिकेटमुळेच.

शालेय संघांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या मुंबई क्रिकेटची रचना ध्यानात घ्यावी लागते. पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांची दारे त्या त्या समाजापुरती उघडी होती आणि त्यातही ऐपत असणाऱ्यांनाच. शहराची सर्वांत मोठी स्पर्धा असलेली पंचरंगी समाजवार संघांतच खेळली जाई. ती १९४६ साली बंद झाली. शाळेचा संघ याला अपवाद होता. शाळाही अनेकदा एखाद्या समाजाच्या वा मिशनच्या असत, हे खरे. सेंट झेव्हियर्स जेझुइटांची, अंजुमन-ए-इस्लाम मुस्लिम समाजाची. तरीही मुलगा मैदानात उतरे तो शाळेच्या नावाने, आणि सदस्यत्वाची वर्गणी न भरता त्याला खेळपट्टी मिळे. गरिबाच्या मुलासाठी ही सोय लहान नव्हती.

एकनाथ सोलकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. जिमखान्याच्या आवारातील एका खोलीत हे कुटुंब राहत असे आणि लहानगा एकनाथ सामन्यांच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलत असे. पुढे भारतीय शालेय संघाचे कर्णधारपद याच मुलाकडे आले. त्या पिढीच्या शालेय संघात त्यांच्यासोबत सुनील गावसकर होते. पुढे १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकणाऱ्या भारतीय संघात हे दोघेही होते.

स्वातंत्र्यानंतर शालेय क्रिकेटचे केंद्र फोर्ट परिसरातील इंग्रजी शाळांकडून हळूहळू दादर-माटुंग्याकडे सरकले. किंग जॉर्ज शाळेतून दिलीप वेंगसरकर आले; हीच शाळा नंतर राजा शिवाजी विद्यालय झाली. संदीप पाटील बालमोहनचे. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोने १९७७ साली प्रथमच गाइल्स शिल्ड जिंकली, तेव्हा कर्णधार होते रवी शास्त्री. आदल्याच वर्षी हा संघ अंतिम सामन्यात हरला होता.

या साखळीतील सर्वांत ठळक नाव शारदाश्रम विद्यामंदिराचे, आणि ते तसे झाले रमाकांत आचरेकर यांच्यामुळे. स्वतः आचरेकरांना प्रथम श्रेणीचा केवळ एक सामना खेळायला मिळाला. शिवाजी पार्कवर शिकवताना त्यांनी हेरले की, उत्तम संघ असलेल्या शाळेत मुलाला घातले, तरच त्याला भरपूर सामने मिळतात. वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणारा सचिन तेंडुलकर त्यांच्याच सल्ल्यावरून शारदाश्रमात दाखल झाला आणि प्रवास वाचावा म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. मुलाची शाळा क्रिकेटसाठी बदलणे ही मराठी मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेव्हियर्सशी पडली. स्थळ आझाद मैदान. येथे वीसहून अधिक खेळपट्ट्या शेजारी शेजारी असल्याने एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यात उभा असल्यासारखा दिसतो. शारदाश्रमच्या २ बाद ८४ धावा झाल्या असताना चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले. डाव घोषित झाला तेव्हा धावफलक होता २ बाद ७४८. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. डाव घोषित करण्याच्या मैदानाबाहेरून येणाऱ्या खुणांकडे दोघांनी काणाडोळा केला होता. दुसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी आचरेकरांनी फोनवरून आज्ञा केली. साडेतीनशेला एकच धाव उरल्याची कांबळीची विनवणी त्यांनी मानली नाही. मग याच कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले आणि झेव्हियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला. अंतिम सामन्यात सचिनने नाबाद ३४६ धावा केल्या. त्या हंगामातील हॅरिस शिल्डच्या पाच डावांत त्याच्या धावा झाल्या १०२५, आणि तो बाद झाला एकदाच.

या पराक्रमाच्या झगमगाटात एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. १९४५-४६ पासून राष्ट्रीय पातळीवरील कूच बिहार करंडक ही शालेय संघांची स्पर्धा होती. नेमक्या १९८७-८८ च्या हंगामात तिचे रूपांतर १९ वर्षांखालील स्पर्धेत झाले. भारतीय क्रिकेटची अधिकृत शिडी शाळेऐवजी वयोगटावर टेकली. हॅरिस आणि गाइल्स शिल्डचा मान टिकला, परंतु या स्पर्धा शिडीची पहिली पायरी न राहता निवड समितीच्या नजरेत येण्याचे साधन बनल्या. नजरेत यायचे तर धावांचा डोंगर हवा.

शाळा बदलण्याचा मार्ग पुढेही चालू राहिला, पण केंद्र आता उपनगरांत गेले. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्मासाठी शुल्कमाफी मिळवली, कारण महिन्याचे २७५ रुपये त्याच्या घरच्यांना झेपणारे नव्हते. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेने विरारच्या पृथ्वी शॉला आपलेसे केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने हॅरिस शिल्डच्या सामन्यात ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेकडून, भंडारी करंडकाच्या सामन्यात, रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासून अबाधित असलेला इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्या सामन्यातील प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले.

अशा सामन्याला स्पर्धा म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. निवडक शाळांत गुणी मुले एकवटली की, उरलेल्या शाळांचे संघ उन्हात क्षेत्ररक्षण करण्यापुरते उरतात. विक्रमांच्या नोंदीत त्यांची नावे येत नाहीत. परंतु या मुलांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे. १९८८ साली ६६४ धावांची ती भागीदारी होत असताना झेव्हियर्सच्या संघात लेगस्पिन टाकणारा साईराज बहुतुले नावाचा मुलगा होता. पुढे त्याने भारताकडून दोन कसोटी सामने खेळले आणि प्रथम श्रेणीत सहाशेहून अधिक बळी मिळवले.