बोगद्यापलीकडचे उंदीर

कर्जत स्टेशन, मे महिना. गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, तो धक्का थेट तुमच्या बरगड्यांत बसतो आणि हातातल्या वडापावची लसणाची चटणी शर्टावर सांडते. राहू द्या, पुसायला वेळ नाही. डब्यात घाम, तळण आणि कुणाच्या तरी पिशवीतले पिकले आंबे एकत्र उकळतायत. गाडी घाट चढू लागते. पहिला बोगदा, काळोख, आणि रिवाजाप्रमाणे पोरांचा एकच गलका.

उजेड येतो तेव्हा गलका थांबलेला असतो. तुम्ही लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आहात, साल 1966 च्या आसपासचं. शर्ट पातळ, हवा बोचरी. समोर टिक्वा आल्पर, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ. टेबलावर ठेवलाय रोगट उंदराच्या मेंदूचा अर्क. हात लावू नका.

रोग मुळात मेंढ्यांचा, नाव स्क्रेपी. खालापूरकडे कधी घाटावरच्या धनगरांचा कळप आडवा आला असेल, तर लोकरीचा तो उग्र वास तुम्हाला ठाऊक आहे. स्क्रेपी झालेली मेंढी कुंपणाला अंग घासघासून लोकर उतरवते, मग लटपटते, मग मरते. आपल्या हिमालयाच्या पायथ्याशीही तो आढळल्याची नोंद 1961 ची आहे. आणि चिवट किती? स्कॉटलंडमध्ये 1930 च्या दशकात मेंढ्यांना भलत्याच रोगाची लस टोचली. लशीतला मेंढीच्या मेंदूचा लगदा फॉर्मलिनमधून काढलेला होता, तरी दोनेक वर्षांनी कळपात स्क्रेपी उठला.

आता दिवा लागतो. डोळे फिरवा! अतिनील किरण आहेत, तरंगलांबी 254 नॅनोमीटर. वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास नाकात शिरतो. विषाणू वाढतो तो डीएनए किंवा आरएनएच्या जोरावर, आणि या किरणांपुढे नेमकं तेच होरपळतं.

निकाल लगेच हवाय? बसा मग. किरण दिलेला अर्क टोचलेले उंदीर आजारी पडायला महिने लागतात. कॉम्प्टनच्या पशुरोग संस्थेतले हेग आणि क्लार्क हे सहकारी त्यासाठीच आहेत. उंदरांच्या खोलीत ऊब, भुसा आणि मुताचा असा दर्प की डोळ्यांतून पाणी यावं. पिंजऱ्यांची चुकचुक रात्रंदिवस. तुम्ही रोज तेच उंदीर पाहता, कंटाळता, घरच्या आमटीची आठवण काढता. आणि एका सकाळी एकाची शेपूट काठीसारखी ताठ दिसते, चाल वेडीवाकडी.

म्हणजे किरणांनी त्या अर्काचं काही बिघडलंच नाही.

मग त्यात जनुकं नाहीतच की काय? 1967 साली या गटाने हाच प्रश्न निबंधाचं शीर्षक म्हणून छापला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टॅनली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये रोगाच्या त्या कणाला प्रायॉन हे नाव दिलं: नुसतं प्रथिन, घडी चुकलेलं. ते शेजारच्या धड प्रथिनाला भिडतं आणि त्याचीही घडी तशीच चुकवतं. लोकांनी नाकं मुरडली. स्क्रेपीचे निरनिराळे वाण आहेत, जनुकांशिवाय वाण कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त होती, मला तर आजही ती मोडून काढण्यापेक्षा ऐकायलाच जास्त आवडते. वाणांचा फरकही घडीतच असतो, हे कळायला बराच काळ गेला.

बोगदा पुन्हा, आणि खंडाळ्याचा गार वारा. वडा केव्हाच निवलाय. त्या प्रथिनाचं जनुक 1985 मध्ये सापडलं, पण रोगाच्या कणात नव्हे, निरोगी प्राण्याच्या स्वतःच्या पेशीत. तुमच्याही पेशीत ते आहे, विसाव्या गुणसूत्रावर. झ्युरिकमध्ये ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि त्यांना स्क्रेपी टोचला. निकाल 1993 मध्ये छापून आला: ते आजारी पडले नाहीत.