परक्या वाटेने घरी

रंगमंचावर पाणी नाही, होडी नाही. कोळ्याच्या मुलीचे सोंग घेतलेला नट जेमतेम गुडघ्याएवढे वल्हे मारतो, अंगाला हलकेसे झोके देतो, आणि पाहणाऱ्यांना नदी दिसू लागते! हा नट म्हणजे चीनच्या जुन्या संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारा मेइ लानफांग. १९३५ साली तो मॉस्कोला गेला, तेव्हा प्रेक्षकांत जर्मन नाटककार ब्रेख्त होता. हा नट भूमिकेत बुडून जात नाही, ती आपल्यापुढे मांडून दाखवतो, हे त्याने हेरले आणि आपल्या नाट्यविचाराला त्याचा आधार घेतला.

आता गंमत पाहा. खुद्द चीनमधले शिकलेले तरुण नेमके उलट्या दिशेने निघाले होते. १९०७ साली तोकियोतल्या चिनी विद्यार्थ्यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवरून नाटक केले. तेव्हापासून गाण्यानाचण्याला फाटा देऊन पाश्चात्त्य धाटणीचे बोलके नाटक रुजवायची धडपड चालली होती. देश दुबळा झालेला, समाज जागा करायचा. त्या कामी जुने नाटक त्यांना कुचकामी वाटले. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

मग घरचे धन घरी परतले कसे? शांघायचा दिग्दर्शक ह्वांग त्सोलिन इंग्लंडात नाट्यविद्या शिकून आलेला. १९५९ साली त्याने ब्रेख्तचे ‘मदर करेज’ बसवले. प्रेक्षकांना ते रुचले नाही. तरी १९६२ साली त्याने स्तानिस्लाव्हस्की, ब्रेख्त आणि मेइ लानफांग यांना एका पंक्तीला बसवून सांगितले की, हुबेहूब दिवाणखाना उभा करणे एवढेच काही नाटक नव्हे. पण १९६६ साली सांस्कृतिक क्रांती आली, आणि दहा वर्षे असे बोलायचीही सोय उरली नाही.

१९७९ साली ह्वांगने चेन युंग हिच्यासह बीजिंगला ब्रेख्तचा ‘गॅलिलिओ’ उभा केला. तो मात्र लोकांनी उचलून धरला. १९८२ साली लेखक काओ शिंगच्येन आणि दिग्दर्शक लिन चाओह्वा यांनी मालगाडीच्या डब्यात घडणारे एक नाटक मोजक्या सामानानिशी, प्रेक्षकांच्या अगदी निकट केले. चीनच्या प्रायोगिक रंगभूमीचा नवा अध्याय तिथून धरतात. पुढच्याच वर्षी या जोडीच्या ‘बसथांबा’ नाटकाचे प्रयोग बंद पाडण्यात आले. काओ पुढे देश सोडून फ्रान्सला गेला. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या वल्ह्याला घरच्यांनी जुनाट म्हटले, तेच परदेशाची वारी करून आले तेव्हा नवे ठरले. मात्र ते हाती धरणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली, हेही विसरता कामा नये.