द्युब्वाने खरंच कबूल केलं होतं का?

"जावा मानव ज्याने शोधला त्यानेच म्हातारपणी कबूल केलं की ती हाडं एका मोठ्या गिबनची होती." हे वाक्य मी आजवर निरनिराळ्या चार-पाच जणांकडून ऐकलंय. शेवटचं आमच्या मामांकडून. मामा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. "जो शोधतो तोच नाही म्हणतो, मग बाकी काय उरलं?" असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या ताटावर याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हे वाक्य मूळचं आपलं नाही. देवाने प्रत्येक प्राणी वेगळा, आहे तसाच घडवला असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या निर्मितीवाद्यांच्या पुस्तकांतून ते जगभर फिरलं. त्याच्या जोडीला आणखी दोन आरोप असतात. एक, कवटी आणि मांडीचं हाड एकमेकांपासून लांब सापडली होती. दोन, त्याच काळात सापडलेल्या आधुनिक माणसाच्या कवट्या या गृहस्थाने तीस वर्षं लपवून ठेवल्या. तिन्ही आरोपांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ते इतके टिकलेत.

यूजेन द्युब्वा हा डच डॉक्टर. जन्म १८५८ चा. अॅमस्टरडॅमला शरीररचनाशास्त्र शिकवायची चांगली नोकरी होती. माणूस आणि वानर यांच्या मधला दुवा उष्ण प्रदेशात सापडेल असं डोक्यात घेऊन त्याने ती सोडली, सैन्यात डॉक्टर म्हणून नाव घातलं आणि १८८७ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन सुमात्रा गाठलं. लोकांनी वेड्यात काढलं असणारच. सुमात्रात फारसं काही हाती लागलं नाही, तेव्हा तो जावाला गेला. तिथे सरकारने त्याला दोन सार्जंट आणि खोदायला कैदी दिले.

मध्य जावातून सोलो नावाची नदी वाहते. तिच्या काठी त्रिनिल गावाजवळ १८९१ च्या सप्टेंबरात एक दाढ मिळाली आणि ऑक्टोबरात कवटीचा वरचा भाग. नारळाची करवंटी उपडी ठेवावी तसा, पण कपाळ जवळजवळ नाहीच आणि भुवयांच्या जागी हाडाची जाड कड. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथून दहा-पंधरा मीटर अंतरावर मांडीचं हाड निघालं, अगदी माणसासारखं. द्युब्वाने दोन्ही एकाच प्राण्याची मानली आणि १८९४ मध्ये पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस, म्हणजे ताठ चालणारा कपि-मानव, असं नाव जाहीर केलं.

मांडीच्या हाडाचा आक्षेप रास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते हाड कवटीइतकं जुनं नसावं, नंतरच्या माणसाचं असावं, असं आज बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. पण हे शोधून काढलं ते हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. शिवाय ते हाड बाजूला ठेवलं तरी करवंटी उरतेच, आणि भांडण तिचंच आहे.

आता लपवलेल्या कवट्या. वाजाक नावाच्या ठिकाणी १८८८ मध्ये संगमरवर शोधणाऱ्या एका खाण-अभियंत्याला एक कवटी मिळाली. ती द्युब्वाकडे आली, आणि १८९० मध्ये त्याला स्वतःलाही तिथे दुसरी मिळाली. त्यांचं सविस्तर वर्णन त्याने १९२० मध्ये छापलं, हे खरं. पण त्या सापडल्याचा उल्लेख त्याच्या त्या वेळच्या, छापून प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालांत आहे. लपवायची वस्तू कोणी सरकारी अहवालात छापतं का? आणि लपवायचं कारण तरी काय? वाजाक त्रिनिलपासून सुमारे १०० किलोमीटर दूर, डोंगरापलीकडे. तिथली हाडं तीसेक हजार वर्षांपूर्वीची, तर त्रिनिलची करवंटी पाच ते दहा लाख वर्षांच्या दरम्यानची. पणजोबांच्या फोटोशेजारी नातवाचा फोटो सापडला म्हणून पणजोबा खोटे ठरत नाहीत.

द्युब्वा तऱ्हेवाईक होता यात मात्र शंका नाही. युरोपात परतल्यावर सुरुवातीला तो ती हाडं घेऊन लायडन, पॅरिस, लंडन, बर्लिन असा हिंडला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने जावा मानवाचा पूर्णाकृती पुतळा केला, आणि त्यासाठी स्वतःच्या मुलाला समोर उभं केलं. (त्या पोराला शाळेत काय ऐकावं लागलं असेल!) पण टीकेने तो दुखावला आणि त्यानंतर १९२३ पर्यंत त्याने मूळ हाडं जवळपास कोणालाच पाहू दिली नाहीत. संशयाला जागा त्यानेच करून दिली.

आणि आता गिबन. पहिली गोष्ट म्हणजे ही कल्पना द्युब्वाची नव्हेच. १८९५ मध्ये लायडनच्या परिषदेत जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखो यांनी ही कवटी मोठ्या गिबनची आहे असं म्हटलं होतं. तेव्हा द्युब्वा त्यांच्याशी भांडला. मग चाळीस वर्षांनी, १९३० च्या दशकात, त्याने स्वतःच गिबनचं नाव का घेतलं?

इथे त्याचं गणित समजून घ्यावं लागतं. मधल्या वर्षांत तो मेंदू आणि शरीर यांच्या प्रमाणाचा अभ्यास करत होता. उत्क्रांतीत मेंदू हळूहळू वाढत नाही, एकेका टप्प्याला दुप्पट होतो, असं त्याचं मत बनलं. शरीराच्या मानाने माणसाचा मेंदू एक धरला, तर मोठ्या वानरांचा पाव. मग मधल्या दुव्याचा बरोब्बर अर्धा यायला हवा. पण जावा मानवाच्या कवटीत मेंदूची जागा सुमारे ९०० घन सेंटिमीटर. आपला मेंदू साधारण १३५० धरला, तर हा दोन तृतीयांश झाला. शरीर माणसासारखं धरलं तर गणित फसतं. मग द्युब्वाने काय केलं? मेंदू तेवढाच ठेवला आणि शरीर वाढवलं! अंगाची ठेवण गिबनसारखी धरली, लांब दणकट हात आणि रुंद छाती, की वजन १०० किलोच्या वर जातं आणि प्रमाण बरोबर अर्ध्यावर येतं. ताळेबंद जुळत नाही म्हणून एक रकमेचा आकडा फुगवावा, तसलाच हा प्रकार. मामांना यातली मेख लगेच कळेल.

म्हणजे हा प्राणी गिबनच्या कुळातला, पण ताठ चालणारा आणि कुठल्याही वानरापेक्षा कितीतरी मोठ्या मेंदूचा, असं तो म्हणत होता. तो आपला पूर्वज आहे हे त्याने सोडलं नाही, उलट तेच वाचवण्यासाठी ही सगळी कसरत. खऱ्या गिबनचा मेंदू १०० घन सेंटिमीटरच्या आसपास असतो, आसामातला हुलॉक पाहिला असेल तर अंदाज येईल. द्युब्वाचं गणित चुकीचं होतं आणि इतरांनी ते तेव्हाच नाकारलं. पण कबुली? अजिबात नाही. 'आन्सर्स इन जेनेसिस' ही तर कट्टर निर्मितीवादी संस्था. तिने २००२ मध्ये आपल्याच लोकांनी वापरू नयेत अशा युक्तिवादांची यादी काढली, त्यात हा गिबनचा किस्सा आहे. त्यांनी सोडून दिलेला माल अजून आपल्याकडे खपतोय.

तोवर जावातच पुढचं काम सुरू झालं होतं. १९३७ मध्ये फॉन क्योनिग्सवाल्ड याला सांगिरान इथे जवळजवळ तशीच, पण जास्त पूर्ण कवटी मिळाली. द्युब्वाने ती आपल्या प्राण्याची मानायला साफ नकार दिला. (म्हातारा शेवटपर्यंत हटवादी. १९४० मध्ये गेला.) १९६९ मध्ये सांगिरानलाच चेहऱ्यासकट कवटी निघाली. आफ्रिकेत तुर्काना सरोवराजवळ १९८४ मध्ये याच जातकुळीच्या एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, पंधरा लाख वर्षांपूर्वीचा. त्याचे पाय आणि कंबर आपल्यासारखे, कवटी मात्र नाही. तेव्हा सगळी इमारत एका करवंटीवर उभी आहे हेही खरं नाही.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक वेगळाच मुद्दा. निर्मितीवादी सांगतात की माणूस आणि वानर यांच्यात स्पष्ट रेघ आहे, मधलं काही नाही. ठीक. मग जावा मानव रेघेच्या कुठल्या बाजूला? ड्वेन गिश हे त्यांचे नावाजलेले लेखक, ते म्हणाले वानर. मार्विन लुबेनोव हेही त्यांचेच, १९९२ च्या पुस्तकात त्यांनी सांगितलं, पूर्ण माणूस. हाड तेच, श्रद्धाही तीच, आणि निकाल उलटे. रेघ इतकी स्पष्ट असती तर ती मारायला निदान एका पंथातल्या लोकांचं तरी एकमत झालं असतं. १८९५ मध्ये शास्त्रज्ञांतही हेच झालं होतं: इंग्लंडातले बरेच जण माणूस म्हणत, जर्मनीतले वानर. मधली वस्तू दिसली की लोक असेच भांडतात.

२०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) म्हणाले होते की वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून त्याला विरोध केला. कोणी पाहिलं नाही, हे खरंच आहे. पण प्राकृताची मराठी होताना तरी कोणी पाहिली? एकही आई प्राकृत बोलत नव्हती जिचं मूल अचानक मराठी बोलू लागलं. आक्षीचा शिलालेख आधीचा की श्रवणबेळगोळचा, आणि त्याआधीच्या लेखांतलं कुठलं वाक्य मराठी म्हणायचं, यावर विद्वान अजून वाद घालतात. म्हणून मराठी आकाशातून पडली असं कोणी म्हणत नाही.

असो. द्युब्वाने त्रिनिलहून हजारो जीवाश्म पेट्यांत भरून हॉलंडला नेले होते, त्यांत नदीतल्या शिंपल्यांचाही ढीग होता. शंभरावर वर्षं ते तसेच पडून होते. २००७ मध्ये एका संशोधकाने त्यांचे फोटो काढले, आणि नंतर ते पाहताना एका शिंपल्यावर त्याला बारीक नागमोडी रेघा दिसल्या. दात किंवा टोकदार दगड घेऊन मुद्दाम कोरलेल्या. २०१४ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला: वय चार लाख तीस हजार ते पाच लाख चाळीस हजार वर्षं. कोरणारा बहुधा याच जावा मानवाच्या जातीचा. २०२५ मध्ये नेदरलँड्सने द्युब्वाचा हा सगळा संग्रह, २८,००० हून जास्त वस्तू, इंडोनेशियाला परत द्यायचं ठरवलं. शिंपल्याचा फोटो मी मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गिबन रेघा मारतो का रे?"